पाणघोडा माणसं का मारतो?

रोग्याची शीर फोडून रक्त काढण्याची विद्या डॉक्टरांनी पाणघोड्याकडून उचलली, असं थोरला प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे. खाऊन खाऊन अंग जड झालं की हा प्राणी नदीकाठी नुकत्याच कापलेल्या बोरूच्या खुंटांत जातो, एखाद्या टोकदार खुंटावर पाय दाबून शीर फोडून घेतो आणि पुरेसं रक्त गेलं की जखमेवर चिखल लिंपून मोकळा होतो, अशी ती हकीकत. पाणघोडा असं काही करत नाही. रक्त काढण्याचा उपचार मात्र युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत जोरात चालू होता आणि त्यात किती रोगी दगावले याची गणती नाही. प्लिनीच्या गोष्टीचं मूळ बहुधा अगदी साधं असावं. पाण्याबाहेर आलेल्या पाणघोड्याच्या कातडीवर थोड्याच वेळात तांबडा, चिकट द्रव पाझरू लागतो. लांबून पाहणाऱ्याला ते रक्तच वाटतं.

ते रक्त नाही आणि काटेकोरपणे बोलायचं तर घामही नाही. कातडीतल्या खास ग्रंथींमधून येणारा हा द्रव सुरुवातीला रंगहीन असतो, काही मिनिटांत तांबडा होतो आणि मग हळूहळू तपकिरी पडतो. जपानी रसायनशास्त्रज्ञांनी प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्याच्या अंगावरून तो पुसून घेतला, त्याचं पृथक्करण केलं आणि २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यातली दोन रंगद्रव्यं जाहीर केली, एक तांबडं आणि एक नारिंगी. दोन्ही आम्लं आहेत. दोन्ही सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतात. तांबडं द्रव्य तर जंतूंची वाढही रोखतं, आणि ज्या जंतूंवर ते तपासलं गेलं त्यांत क्लेब्सिएला आणि स्यूडोमोनास होते. अतिदक्षता विभागात काम केलेल्या कुणालाही ही नावं वेगळी सांगावी लागत नाहीत. शेणामुताने गढूळ झालेल्या डबक्यात दिवसभर बसणाऱ्या, एकमेकांना दातांनी फाडणाऱ्या प्राण्याच्या जखमा सहसा का चिघळत नाहीत, याचं निदान अर्धं उत्तर तरी इथं असावं.

पाणघोड्याच्या बाबतीत माणसाचं नेहमी असंच होत आलं आहे. दिसलं त्यावरून गोष्ट रचायची आणि गोष्टीवरून मत बनवायचं. प्राचीन इजिप्तच्या लोकांनी त्याच्या रूपातली तावेरेत ही देवी गरोदर बायका आणि बाळंतिणींची राखण करायला बसवली. हल्ली थायलंडमधल्या प्राणिसंग्रहालयात जुलै २०२४ मध्ये जन्मलेल्या 'मू डेंग' नावाच्या पिल्लाने जगभरच्या मोबाइलांवर राज्य केलं. मू डेंग मुळात वेगळ्या जातीची, पश्चिम आफ्रिकेच्या जंगलात एकेकटं राहणाऱ्या खुज्या पाणघोड्यांपैकी, हे त्या गर्दीत फारसं कुणी विचारलं नाही. आणि याच मोबाइलांवर दुसरं चित्रही फिरत असतं. पाणघोडा हा म्हणे आफ्रिकेतला सर्वांत खुनशी प्राणी, वर्षाला ५०० माणसं मारणारा. एक गोंडस, एक राक्षस. दोन्ही चित्रांत मेलेला माणूस कुठंच नाही. तो त्या वेळी तिथं काय करत होता, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

त्या ५०० च्या आकड्याबद्दल आधी बोलायला हवं. तो पुस्तकांतून संकेतस्थळांवर आणि तिथून वर्तमानपत्रांत फिरत असतो, पण त्यामागे मोजणीची भक्कम पद्धत सापडत नाही. नदीकाठच्या खेड्यात होडी उलटून माणूस गेला, तर ती नोंद बुडून मृत्यू अशी होते, किंवा होतच नाही. खरा आकडा कमी असेल, जास्तही असेल. आणि सर्वांत प्राणघातक म्हणायचंच तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हिवतापाने वर्षाला सुमारे सहा लाख माणसं मरतात आणि त्यातली जवळपास ९५ टक्के आफ्रिकेत. डासाचं चित्र टी-शर्टवर छापून कुणी फिरत नाही, एवढंच.

पाणघोडा पाण्यात का राहतो, हे समजलं की पुढचं बरंचसं आपोआप समजतं. दीड-दोन टनांचं धूड, अंगावर केस जवळजवळ नाहीत, कातडी जाड असली तरी तिचा सर्वांत वरचा थर पातळ. उन्हात या कातडीतून पाणी झपाट्याने उडून जातं आणि ती कोरडी पडून तडकते. तो तांबडा द्रव थोडं संरक्षण देतो, पण दिवसभराच्या उन्हाला पुरा पडत नाही. म्हणून उजाडल्यापासून मावळेपर्यंत पाणी. म्हशीला जशी डुंबण्याची आवड असते तशी ही आवड नाही, ही गरज आहे. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या अगदी वरच्या पातळीवर असल्याने सगळं शरीर बुडवूनही त्याला पाहता, ऐकता आणि श्वास घेता येतो. बुडी मारली की नाकपुड्या आणि कान मिटतात. दर काही मिनिटांनी तो वर येतो, झोपेतसुद्धा. गंमत अशी की त्याला नीट पोहता येत नाही. हाडं जड, त्यामुळे तो तळावरून चालतो, उड्या मारतो. आजच्या प्राण्यांत त्याचं सर्वांत जवळचं नातं घोड्याशी नाही आणि डुकराशीही नाही. ते आहे देवमाशाशी.

पोट मात्र गवतावर भरतं, आणि गवत काठावर असतं. म्हणून अंधार पडला की तो बाहेर येतो, ठरलेल्या पायवाटांनी काही किलोमीटर चालत जातो आणि रुंद, राठ ओठांनी गवत खुडत रात्रीचे पाच-सहा तास चरतो. एका रात्रीत साधारण ४० किलो. शरीराच्या मानाने हे फार नाही, कारण दिवसभर पाण्यात तरंगत बसणाऱ्याला ऊर्जा कमी लागते. ज्या सुळ्यांमुळे तो कुप्रसिद्ध आहे ते चरताना उपयोगी पडत नाहीत. खालच्या जबड्यातले हे सुळे ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि त्यांचा उपयोग फक्त भांडणात होतो.

भांडण कशाचं, तर पाण्याचं. नराची हद्द असते ती नदीच्या किंवा तळ्याच्या एखाद्या पट्ट्यापुरती. तिथं त्याच्या माद्या, पिल्लं, दबून राहणारे तरुण नर. शेपटी पंख्यासारखी फिरवून शेण उडवायचं आणि हद्द सांगायची. जमिनीवर चरताना हाच नर दुसऱ्याशी फारसा वाद घालत नाही. मोझांबिकमधल्या एका राखीव क्षेत्रात फ्रेंच संशोधकांनी पाणघोड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून कळपांना ऐकवले. त्याचा अहवाल २०२२ मध्ये आला. शेजारच्या ओळखीच्या कळपाच्या आवाजाला प्रतिसाद सौम्य होता. परक्याचा आवाज आला की प्रतिसाद तीव्र, आणि शेणही जास्त उडे. म्हणजे हा प्राणी कुणावरही उठून धावणारा माथेफिरू नाही. ओळखीचा कोण आणि अनोळखी कोण हे तो आवाजावरून ओळखतो, शेजाऱ्याशी निभावून घेतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत पाणघोडा पाहिलेल्यांना त्याचा भला थोरला आ आठवत असेल. मुलं त्याला जांभई समजून हसतात. बहुतेक वेळा ती जांभई नसते, सुळे दाखवून दिलेली ताकीद असते.

आता या दिनक्रमात माणूस कुठे शिरतो ते पाहावं. पहाटे पाणघोडा चरून परत येत असतो, त्याच वेळी बाई घागर घेऊन काठावर आलेली असते. उंच गवतातल्या त्याच पायवाटेने, कारण दुसरी वाट नाही. तो आणि पाणी यांच्यामध्ये ती उभी राहिली की त्याला एकच रस्ता कळतो, सरळ. आणि तो मंद नाही. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं की जोरात दुडकताना पाणघोड्याचे चारही पाय काही क्षण जमिनीवरून सुटलेले असतात. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग धरणाऱ्या दीड टनासमोर पळून जाणं बहुतेकांना जमणार नाही. दुसरी गाठ पडते पाण्यात. लहान, सपाट तळाची होडी, उथळ पाणी, खाली पिल्लाजवळ बसलेली मादी. होडीतल्याला ती दिसत नाही, तिला मात्र डोक्यावरून सरकणारी सावली दिसते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नायजर देशाची राजधानी नियामेजवळ, नायजर नदीत पाणघोड्याने होडी उलटवली. १२ शाळकरी मुलं आणि एक गावकरी मरण पावला. मुलं नदी ओलांडून शाळेत निघाली होती. मे २०२३ मध्ये मलावीच्या न्सांजे जिल्ह्यात शिरे नदीत पाणघोड्याच्या धडकेने होडी उलटली, वर्षभराचं एक मूल मरण पावलं, २३ जण बेपत्ता झाले. ती माणसं पलीकडच्या शेतांवर निघाली होती. बातम्यांचे मथळे दोन्ही वेळा पाणघोड्यावर होते. पूल नव्हता, अलीकडच्या काठावर शाळा नव्हती, हा तपशील मजकुरात आला तर आला. केनियाच्या नैवाशा सरोवरात २०२० मध्ये पाण्याची पातळी बेसुमार वाढली आणि काठाची कुरणं बुडाली. चरायला जागा उरली नाही म्हणून पाणघोडे वस्तीकडे सरकले, आणि मासेमारी करणारे त्याच उथळ पाण्यात उतरत राहिले. तिथल्या हल्ल्यांच्या बातम्यांतही 'चवताळलेला' हे विशेषण ठरलेलं असतं.

जखमी माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचला तर काय होतं, याची वैद्यकीय नोंद आश्चर्य वाटावं इतकी तुटपुंजी आहे. बुरुंडीतल्या ११ रुग्णांचा एक अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि या विषयावरच्या थोडक्या लेखनात तो महत्त्वाचा मानावा लागतो. जखमा चिघळणं, अवयव कापावा लागणं, कायमचं अपंगत्व, हे त्या छोट्या गटात मोठ्या प्रमाणावर दिसलं. यात नवल नाही. सुळा खोल घुसतो, जबडा हाड चिरडतो, आणि जखमेत नदीचा गाळ, शेण, कपड्याचे तुकडे जातात. अशी जखम ताबडतोब शिवून टाकणं धोक्याचं असतं. मेलेली ऊती कापून काढायची, पुन्हापुन्हा धुवायची, प्रतिजैविकं आणि धनुर्वाताची लस द्यायची, जखम उघडी ठेवून काही दिवसांनी बंद करायची. यातलं काहीही दुर्मीळ तंत्रज्ञान नाही. पण त्यासाठी शल्यचिकित्सक लागतो, भूल देणारा लागतो, रक्त लागतं, आणि हे सगळं सहा तासांच्या अंतरावर असून चालत नाही. पाय जातो तो अनेकदा दातामुळे नव्हे, रस्त्यामुळे. दोन्ही जमाखर्च एकाच प्राण्याच्या नावावर मांडले जातात.

या सगळ्यात पाणघोड्याने दात न लावताही माणसं मेली, असं एक प्रकरण आहे आणि ते सर्वांत बोलकं आहे.

झांबियाच्या लुआंगवा खोऱ्यात काळपुळी, म्हणजेच अँथ्रॅक्स, जुनी आहे. १९८७ मध्ये तिथं या रोगाने चार हजारांहून अधिक पाणघोडे मेले. या जंतूचे बीजाणू मातीत अनेक वर्षं तग धरतात. उन्हाळ्याच्या शेवटी गवत मुळापर्यंत चरलं गेलं की गवताबरोबर माती पोटात जाते, डबकी आटतात, कळप दाटीवाटीने एकत्र येतात. त्यात पाणघोडा शाकाहारी असला तरी मेलेल्या प्राण्यांचं मांस, कधी स्वजातीयांचंही, खाताना दिसलेला आहे. साथ त्यांच्यातच एवढी का भडकते, याचं ते एक कारण असावं असं काही संशोधक मानतात.

२०११ मध्ये याच खोऱ्यातल्या चामा जिल्ह्यात ८५ पाणघोडे मेले. काठच्या खेड्यांतल्या लोकांनी ते मांस कापून घरी नेलं. पाठोपाठ काळपुळीचे ५११ रुग्ण नोंदले गेले, पाच जण दगावले. बहुतेक रुग्णांना प्रतिजैविकांनी गुण आला, कारण काळपुळी लवकर ओळखली तर साध्या औषधांनी बरी होते. नंतर तपास करणाऱ्यांनी गावांत घरोघर जाऊन २८४ जणांना प्रश्न विचारले. ८४ टक्के लोकांनी पूर्वीही पाणघोड्याचं मांस खाल्लेलं होतं. मांस खाणं, वाहून नेणं आणि शिजवायला तयार करणं, या तिन्हींचा रोगाशी संबंध दिसला. मग विचारलं, मेलेला पाणघोडा पुन्हा सापडला तर खाल का? साथ डोळ्यांदेखत होऊन गेली होती, शेजारी आजारी पडले होते. तरीही २३ टक्के लोक 'हो' म्हणाले. त्यांतल्या ७३ टक्के लोकांनी कारण दिलं, अन्नाची टंचाई. इतरांनी दिलेली कारणंही मांस मिळत नाही, भूक लागते, अशीच.

आरोग्य खात्यांची जगभर एक सवय आहे. असं काही घडलं की 'जनजागृतीचा अभाव' असं निदान करायचं, भित्तिपत्रकं छापायची, कवायतीसारखी शिबिरं घ्यायची. चामातल्या त्या २३ टक्क्यांना कुठली जागृती कमी पडली होती? मांसात काय आहे हे त्यांना कळलं होतं. घरात काय नाही हेही त्यांना माहीत होतं. दोन धोक्यांची तुलना त्यांनी केली आणि ज्याची खात्री होती तो धोका, म्हणजे उपास, टाळला. याला अज्ञान म्हणणं हे निदान नव्हे, सुटका आहे. साथ ओसरल्यावर लिहिलेल्या त्या अभ्यासाने अन्नाच्या टंचाईलाच मूळ कारण म्हटलं, हे त्याचं मोठेपण.

मग पाणघोडे कमी केले तर? हा सल्ला अधूनमधून दिला जातो. ते कमी होतच आहेत. हस्तिदंताच्या जागतिक व्यापारावर १९८९ मध्ये बंदी आल्यावर पाणघोड्याच्या सुळ्यांना भाव आला. (सुळ्यांचा धंदा मात्र त्याहून जुना. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची १७८९ मधली कवळी पाणघोड्याच्या दातापासून कोरलेली होती.) काँगोच्या विरुंगा उद्यानात १९७० च्या दशकात सुमारे २९ हजार पाणघोडे होते, युद्ध आणि शिकारीत २००५ च्या आसपास हजारही उरले नाहीत. आज साऱ्या आफ्रिकेत मिळून सव्वा लाखाच्या आसपास असावेत. आणि नदीला त्यांची गरज असते. केनियाच्या मारा नदीच्या पट्ट्यात चार हजारांवर पाणघोडे आहेत. रात्री काठावर खाल्लेलं गवत ते दिवसा पाण्यात सोडतात, रोज साधारण साडेआठ हजार किलो अर्धवट पचलेला पाला. त्यावर कीटक, मासे जगतात. हाच पाला प्रवाह मंदावलेल्या डोहात साचला की कुजून पाण्यातला प्राणवायू संपवतो, आणि पहिल्या पुराच्या लोंढ्याबरोबर ते विषारी पाणी खाली जाऊन मासे मरतात. शेतीसाठी वर पाणी उपसलं जातं आणि जंगलतोडीने प्रवाह आटतो, तसे हे डोह वाढणार. औषध आणि विष यांत फरक मात्रेचा, हे इथंही लागू आहे, फक्त मात्रा ठरवणारा पाणघोडा नाही.

जगाचं लक्ष कुठं जातं याचा नमुना म्हणून कोलंबियाकडे पाहता येईल. अमली पदार्थांचा तस्कर पाब्लो एस्कोबारने तिथं हौसेखातर चार पाणघोडे आणून ठेवले होते. तो १९९३ मध्ये मारला गेला, पाणघोडे तिथंच राहिले आणि वाढत वाढत दीडशेच्या वर गेले. त्यांच्यावर माहितीपट झाले, खटले झाले, नसबंदीवरून वाद झाले. २०२३ मध्ये तर त्यांतले ६० गुजरातला पाठवण्याची योजना मांडली गेली, त्यामुळे आपल्याकडेही बातम्या झळकल्या. परक्या खंडातला परका प्राणी नदीची घडी बिघडवतो, हा प्रश्न खराच आहे. पण चामाच्या ५११ रुग्णांचं नाव ऐकलेला वाचक शोधूनही सापडणं कठीण, आणि एस्कोबारचे पाणघोडे मात्र शाळेतल्या मुलांनाही ठाऊक.

भारतात आता रानटी पाणघोडा नाही. एके काळी होता. नर्मदेच्या खोऱ्यात त्याच्या वंशातल्या, समोर सहा पटाशीचे दात असलेल्या प्राण्याचे जीवाश्म सापडले आहेत. प्राणी गेला, पाणवठ्यावरची आणि शेतातली माणसं राहिली आहेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतांश ग्रामीण भागातली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे पेरणी-लावणीच्या दिवसांत. आपणही फुरसं, मण्यार, घोणस यांच्या 'खुनशी'पणाबद्दल आवडीने बोलतो. अनवाणी पाय, जमिनीवरचं अंथरूण, आडबाजूला अंधारात जाण्याची पाळी, लस नसलेलं प्राथमिक आरोग्य केंद्र, यांबद्दल तेवढ्या आवडीने बोलत नाही. ओडिशाच्या कोरापुट जिल्ह्यात आदिवासी पाड्यांवर काळपुळीचे रुग्ण वर्षानुवर्षं सापडत आले आहेत. कारण तेच. मेलेलं जनावर कापणं आणि खाणं. गुरांना काळपुळीची लस असते. ती वेळेवर टोचणं आणि मेलेल्या गुराची भरपाई इतकी तत्परतेने देणं, की ते पुरून टाकणं मालकाला परवडावं, हे भित्तिपत्रकापेक्षा महाग आहे, पण काम करणारं आहे.

पाणघोड्याच्या बाबतीतही काम करणारे उपाय फार चमकदार नाहीत. त्याला उडी मारता येत नाही, त्यामुळे शेताभोवती कमरेएवढी दगडी भिंत किंवा चर पुरतो. श्रीलंकेत मगरींपासून बचाव म्हणून नदीत आंघोळीच्या जागेभोवती कुंपण घालतात, तसा कोट पाणी भरण्याच्या जागी घालता येतो. गावात हातपंप असेल तर पहाटे घागर घेऊन नदीवर जावंच लागत नाही. नदीवर पूल किंवा भक्कम, उंच काठाची होडी असेल तर शाळेची वाट पाणघोड्याच्या डोक्यावरून जात नाही. यातल्या कशालाही प्राणिशास्त्रज्ञाची परवानगी लागत नाही. अंदाजपत्रक लागतं. आणि अंदाजपत्रक मागायला आकडे लागतात.

आकडे दवाखान्याच्या नोंदीतून येतात, आणि तिथं गाडी अडते. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत उंदीर चावला तर वेगळा संकेतांक आहे, कुत्रा चावला तर वेगळा. बाकी सस्तन प्राण्यांसाठी मिळून एकच, डब्ल्यू ५५. मांजराने ओरबाडलं आणि पाणघोड्याने मांडी फाडली, दोन्ही याच खान्यात. पण त्याच वर्गीकरणात आणखी एक जोड-आकडा आहे, इजा झाली तेव्हा माणूस काय करत होता हे सांगणारा. खेळत होता, पोटासाठी काम करत होता, की घरकामात होता. मासेमारी करणारा दुसऱ्या खान्यात जाईल, पाणी भरणारी बाई तिसऱ्या. हा एक आकडा लिहायला डॉक्टरला दोन सेकंद लागतात. रात्रपाळीच्या गर्दीत तो लिहिला जात नाही, वरून कुणी मागत नाही, आणि न मागितलेली गोष्ट सरकारी कागदावर कोरीच राहते. वर्षाच्या शेवटी जिल्ह्याच्या अहवालात 'वन्यप्राण्याचा हल्ला' एवढं एक वाक्य येतं आणि ते वाचून वनखात्याला पत्र जातं. पाणीपुरवठा विभागाला जात नाही.